डावे किती, उजवे किती

मित्रांनो, मी एक आठ अंकी जुना कॅल्क्युलेटर आहे, आणि आज मला मनातली भडास काढायची आहे. माझं दोनचं बटण पार गुळगुळीत झालंय. कशानं, ते कुणी विचारलंसुद्धा नाही!

कारखान्यातून मी थेट गणिताच्या एका बाईंच्या घरी आलो. बाई मुलांसाठी पुस्तक लिहीत होत्या. त्यातल्या एका धड्यात सोपा नियम होता. शून्य आणि एक यांच्यामधली संख्या घ्यायची, तिची दुप्पट करायची, एकच्या वर गेली तर एक वजा करायचा. मग पुन्हा दुप्पट, पुन्हा तेच. अर्ध्याच्या खाली पडली तर डावी, वर पडली तर उजवी. शंभर पावलांनंतर ती कुठे असेल ते नुसतं बघून सांगता येत नाही. पण खूप वेळ चालू दिली, तर दोन्हीकडे वाटणी जवळपास सारखी होते. बाईंना हेच दाखवायचं होतं.

मोजायला बसले त्यांचे वडील. ते निवृत्त शिंपी, हाताचे पक्के. स्वयंपाकघरातल्या टेबलावर बाई बटणं दाबायच्या आणि ते वहीत रेघा ओढायचे.

"उजवी!"

"ओढली. पुढे चल."

तीन महिने आणि दहा हजार पावलं! डावीकडे ५,०१२, उजवीकडे ४,९८८. "माप बसलं गं!" म्हणत त्यांनी टेबलावर थाप मारली. मी उडालोच.

पुढे पुस्तकाच्या संपादकांनी तोच नियम संगणकावर चालवला. पन्नासेक पावलं झाली आणि मग शून्य, शून्य, शून्य. सगळं डावीकडे. "बाई, संगणक खोटं बोलतो का?" असं म्हणून त्यांनी धडाच काढून टाकला.

"माझंच चुकलं असेल, बाळ," वडील म्हणाले. "डोळे कुठे राहिलेत आता." त्या दिवसापासून ते घरच्या पडद्याचं मापसुद्धा घेईनात.

आणि मी खणात! अहो, संगणक संख्या लिहितो शून्य आणि एक वापरून, तीही मोजक्या घरांत. प्रत्येक दुपटीला पुढचा अंक गळतो, मागून शून्य येतं. पन्नासेक दुपटींत घरं रिकामी होतात. मी शून्य ते नऊ असे दहाही अंक वापरून लिहितो; दुपटीनं ते नुसते सरकत नाहीत, बदलतात, म्हणून माझी घरं तशी रिकामी होत नाहीत. पण मला विचारतंय कोण? सात वर्षं पोटातले सेल पाझरत राहिले आणि मी नुसता चरफडत राहिलो.

एके दिवशी वर्गात हीच शून्य-एकची मांडणी शिकवताना बाई फळ्यासमोर थबकल्या. तशाच घरी आल्या. माझं पोट पुसलं, नवे सेल घातले आणि मला वडिलांच्या हातात ठेवलं.

"बाबा, तुमची मोजणी बरोबर होती. संगणकाचे अंक संपत होते."

म्हातारा बराच वेळ माझं दोनचं बटण चाचपत बसला. "सात वर्षं मी टेप हातात धरली नाही गं," एवढंच म्हणाला.

मित्रांनो, मला पुसून ठेवा, खणात टाकताना सेल काढा, एवढं तर कराच. पण कुणी तीन महिने बसून काही मोजलं असेल, तर त्याला चूक म्हणण्याआधी त्याच्या शेजारी बसा आणि पहिली साठ पावलं मोजा. साठच! साठाव्या पावलावर संगणक शून्यावर बसलेला दिसला असता आणि मी चालत असलेला. अर्धा तास लागला असता.