कुठला पाय

मैदान सोडून वीस वर्षं झाली, तरी चारचौघांत गेला की गडी लंगडायचा. घरी जिन्याच्या दोन-दोन पायऱ्या एका ढांगेत चढणारा हा माणूस, माइक दिसला की पाय ओढायला लागायचा. बायको निघताना हळूच विचारायची, "अहो, आज कुठला पाय?" तिच्या मते ती थट्टा होती. त्याला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

कारण दुखरा पाय कधी नव्हताच. देशातर्फे खेळलेली त्याची शेवटची डेकॅथलॉन, म्हणजे दोन दिवसांत दहा प्रकार. नऊ झाले तेव्हा तो तिसरा होता आणि पदक मिळाल्याच्या थाटात फिरत होता. उरले होते पंधराशे मीटर. दुसऱ्या फेरीत एकेक करून सगळे त्याला मागे टाकून गेले, तशी त्याची पाचावर धारण बसली. सगळ्यांदेखत हरण्यापेक्षा साहेबांनी मांडी धरून ट्रॅकवरच बसकण मारली. डोळ्यांत पाणीसुद्धा आणलं.

प्रशिक्षक सरांनी त्याला पाठीवर घेऊन बाहेर नेलं. "अडथळ्यांच्या शर्यतीचा सराव मीच जास्त करून घेतला," म्हणत ते त्याच्याहून जास्त रडले. महिन्याभरात त्यांनी शिकवणं सोडलं आणि एका वाचनालयात फाटकी पुस्तकं चिकटवायचं काम धरलं. सरांचं वय झालं असेल, अशी त्याने स्वतःची समजूत घातली. तशी ती घालायला सोपीही होती.

सरांना ऐंशी वर्षं पूर्ण झाली म्हणून तो भेटायला गेला. लिफ्ट बंद. काय बोलायचं याच्या विचारात तो सवयीने दोन-दोन पायऱ्या चढत तिसऱ्या मजल्यावर पोचला, तर सर दारातच उभे.

"अरे, पाय बरा झाला की तुझा," सर म्हणाले. त्यांचा चेहरा इतका फुलला होता, की त्याला वर बघवेना.

सरांनी त्याला खुर्चीत बसवलं, स्वतः समोर स्टूल ओढलं आणि पूर्वीसारखा अंगठ्याने मांडीचा स्नायू चाचपला. "इथेच होतं ना? का त्या पायाला?"

त्यालाच आठवेना. वीस वर्षं ज्याच्यावर भाषणं ठोकली, तो पाय डावा होता की उजवा?

"सर, कुठेच नव्हतं," तो म्हणाला. "मला काही झालं नव्हतं. हरेन म्हणून घाबरलो आणि बसलो."

अंगठा मांडीवर तसाच राहिला. सरांनी एक थोबाडीत द्यावी, असं त्याला फार वाटलं. सरांनी हात काढून घेतला आणि तो आपल्याच गुडघ्यावर ठेवला.

"मग मी शिकवणं कशाला सोडलं रे?" त्यांनी विचारलं, आणि ते उत्तराची वाट बघत बसले.