देवीच्या वाती

बलभीम साडूच्या घरी पोचला तेव्हा ओसरीत बायकांची रांग लागली होती. मंगळवार होता. त्याची मेव्हणी तुळजाबाई पाटावर बसलेली, कपाळावर मळवट, चेहरा दगडासारखा. मांडीवरच्या उजव्या हाताचा अंगठा बोटांवर फिरत होता, कापसाशिवाय वात वळावी तसा.

"देवी वाती वळतीया," म्हणत शेजारच्या सिताबाईने हात जोडले.

बलभीमला हे शब्द पाठ होते. त्याच्या बायकोचा, कस्तुराबाईचा अंगठाही असाच फिरायचा. तेव्हाही गल्लीने ओट्या भरल्या. म्हैस कधी गाभण राहील इथपासून पोराचं लग्न कधी जमेल इथपर्यंत सगळं तिलाच विचारलं. पण कस्तुरा न्हाणीत पडली तेव्हा एक भक्तीण धावली नाही. धाराशिवच्या डॉक्टरांनी मेंदूचा आजार सांगितला, तोवर तिला घास गिळवत नव्हता. उन्हाळ्यात ती गेली. आणि ही तिची सख्खी धाकटी बहीण.

"व्यंकट, जीप थांबवलीय. हिला दवाखान्यात न्यायचंय."

साडू हसला. "दाजी, देवीला डाक्टर? कोपली म्हंजे?"

"कोपू दे. माझ्या घरात कोपायला उरलंय काय आता?"

त्याने निरांजनाचं ताट उचलून तुळजाबाईच्या उजव्या हातात दिलं. तिने धरलं. हात थांबला. ताट काढून घेतलं, हात मांडीवर गेला आणि अंगठा पुन्हा फिरू लागला.

"बघा गं बायांनो. तुमची देवी कामाला लावली की पळती, रिकामी बसली की येती. तुमच्यासारखीच!"

एकदोघी हसल्या. सिताबाईने डोळे वटारले.

"दाजी," तुळजाबाई एकसुरी, बारीक आवाजात म्हणाली, "मला चोळीची गुंडी लावता येईना. फोडणीचा वास बी येईना. ह्यांना सांगितलं, तर म्हणले, देवीला वास कशाला?"

व्यंकट खाली बघू लागला.

ती सावकाश उठली. पण उंबऱ्यापाशी पाय जमिनीला चिकटले.

"बघा, देवी घर सोडीना!" सिताबाई ओरडली.

बलभीमने आपली काठी तुळजाबाईच्या पावलांपुढं आडवी ठेवली. "उंबरा बघू नको. काठी वलांड." कस्तुराच्या वेळी डॉक्टरांनी ही युक्ती शिकवली होती, फार उशिरा.

तिने पाय उचलला. काठी ओलांडली, मग उंबराही. व्यंकट तिच्या चपला घेऊन मागे निघाला.

बलभीमने वाकून काठी उचलली. "सिताबाई, पाट रिकामा झालाय. बसा आता तुम्ही."