तापलेल्या केळी

कोयता मार्सेल अंकलच्या मानेवर आला तेव्हा माझ्या हातात पप्पांच्या कंपनीचा कॅमेरा होता. आणि मी, बेटी नावाची दहावीतली मुलगी, जिला गेल्या वर्षीपर्यंत वर्गात हजेरी देतानाही घाम फुटायचा, सरळ दोघांच्या मधे घुसले.

कोयता प्लासिडकाकांचा, म्हणजे पप्पांच्या मोठ्या भावाचा. सांडोर गावातली आमची केळीची वाडी तेच बघतात. दोन महिन्यांत अकरा केळी पिवळ्या पडून वाळल्या. शेजारच्या मार्सेल अंकलनीच दोन्ही वाड्यांच्या सामाईक पाटात विष ओतलं, असं काकांचं ठाम मत. मागच्या रविवारी त्यांनी अंकलचा दात पाडला होता. या रविवारी चर्चमधल्या मिस्साहून आलो तर बारावी केळ पिवळी. काकांनी अंकलना कॉलर धरून आडवंच केलं. अंकलच्या कानाची पाळी फाटली, ओठ फुटला, रक्त पांढऱ्या शर्टावर उतरलं. अंकलनीही दगडाने काकांची भुवई फोडली, म्हणजे बिचारं वगैरे कुणीच नव्हतं.

पप्पा सातिवलीच्या एका कारखान्यात इलेक्ट्रिशियन. पॅनेलमधली कुठली वायर तापलीय ते हा कॅमेरा रंगाने दाखवतो. गार ते जांभळं, तापलेलं ते पिवळं. विज्ञान प्रदर्शनासाठी हट्ट करून मी तो एका दिवसापुरता मिळवला होता. आजारी केळीत पाणी वर चढत नाही, पानाला घाम येत नाही, म्हणून ते उन्हात तापतं, अशी माझी अटकळ. भांडण पेटायच्या आधी उन्हात तासभर वाडी फिरले होते मी. डोळ्यांना हिरव्यागार दिसणाऱ्या चौदा केळी पडद्यावर पिवळ्याजर्द.

"कापायचंच आहे ना काका? मग ही केळ कापा."

ती तर धडधाकट आहे, असं ते ओरडले. मी म्हटलं, कापा तर खरं. माझ्यावरचा राग त्यांनी तिच्यावर काढला. एका घावात खोड आडवं. आत पांढरं असायला हवं, तिथे तांबूस कुजकी वर्तुळं.

बघ याचं विष, म्हणून काका पुन्हा अंकलकडे वळले. मी वाट सोडली नाही. विष पाटातून आलं असतं तर पाटाकाठच्या केळी तापल्या असत्या, अंकलच्यासुद्धा. त्या सगळ्या जांभळ्या होत्या. तापलेल्यांची रांग विहिरीपासून फणसापर्यंत आणि तिथून वळून कुंपणाला. ही वाट मी झोपेतही चालेन. दर रविवारी टोपली घेऊन मी काकांच्या मागे असते. ते जुनी पानं छाटतात, सुरुवात सगळ्यात आजारी केळीपासून, कारण आजाऱ्याची सेवा आधी. मग तेच पातं पुढच्या केळीला. आजोबांच्या त्या कोयत्याला पाणी कधी लावायचं नाही, गंजेल. फक्त तेलाचा बोळा फिरवायचा.

"पाटातून नाही काका. हा रोग तुमच्या कोयत्यातून आला."

त्यांनी मला अशी कानाखाली दिली की कान वाजला. मी कॅमेरा छातीशी धरला. रडले नाही. आता ते एका जांभळ्या केळीकडे धावले, तीही आतून कुजकी दाखवून मला खोटं पाडायला. मी मनगट पकडलं. पातं माझ्या तळहातावरून सरकलं.

"हिला नको. आधी तो कोयता जाळावर धरा."

माझं रक्त त्यांच्या कोपरापर्यंत ओघळलं. त्यांचा उगारलेला हात खाली आला. मार्सेल अंकल उठले, तोंडातलं रक्त थुंकले आणि सुक्या झावळ्यांना काडी लावली.

"आण इकडे, प्लासिड."

काकांची मूठ आवळली. वाटलं, आता अंकलवर घाव घालतातच. पण त्यांनी पातं आगीत धरलं. त्यावरचं तेल तडतडलं.

मग मी बोट दाखवायचं आणि त्यांनी तोडायचं. अर्धवट भरलेले घड जमिनीवर आपटून फुटत होते, चिकाने काकांचा शर्ट काळा झाला. प्रत्येक घावानंतर पातं आगीत. अंकल एका हाताने कान दाबून खोडं ओढत होते. कुणी कुणाची माफी मागितली नाही.

शेवटची केळ काकांनी स्वतः विरारहून डोक्यावर आणलेल्या रोपाची. घड उतरवायला आठवडा उरला होता. कोयता आगीतून काढून ते थांबले.

"बेटी, नीट बघ. नक्की तापलीय?"

मी पुन्हा बघितलं. खूप वेळ बघितलं.

"हो."

घाव बसला.