केरातले दहा दाणे

"जेवायचं न्हाई म्हटलं ना!" बद्रीनाथने ताट ढकललं आणि वरण फरशीभर झालं.

त्याच्या बायकोने, यमुनाबाईने, ते पुसून काढलं. मार्केट यार्डात हमाली करताना पोत्यांची थप्पी त्याच्या अंगावर कोसळली, त्याला महिना झाला होता. डॉक्टरांनी बजावलं होतं, आता रोज उठून बसलंच पाहिजे, नाहीतर पाय कायमचे जातील. पण हा गडी पुण्यात वारज्याच्या पत्र्याच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडलेला. उठवायला गेलं की ओरडायचा, "मरू दे मला!" दोन दिवस पोटात पाण्याशिवाय काही नव्हतं. डोळ्यांदेखत माणूस विझत होता.

त्या दुपारी धान्याच्या गोदामातलं झाडलोटीचं काम उरकून येताना तिने पदरात ज्वारीचे दहा दाणे बांधून आणले. गोणपाटाचा तुकडा बादलीत बुचकळला आणि निथळत्या गोणपाटावरच दाणे पसरू लागली.

"काय चाललंय?" भिंतीकडूनच आवाज आला.

"उगवण बघते. धातले किती उगवत्यात ते."

"हितं काय तुझ्या बापाचं रान हाय व्हय?"

"नसू द्या."

पाणी टपटपत राहिलं. त्याला राहवेना.

"आगं, पिळ की ते! कुजतील समदे. इतकी वर्सं रानात राबलीस, येवढंबी कळंना?"

"मग तुम्हीच सांगा."

मान वळली. "दाण्याला दाणा चिकटू देऊ नगं. हां. आता सैल गुंडाळ."

पुढचे तीन दिवस तो तेवढंच विचारायचा, "शिपडलं का पाणी?" कपभर दूध घ्यायचा, पुन्हा भिंत.

चौथ्या सकाळी तिने गुंडाळी उलगडली. पाच दाणे काळे पडले होते, दोन तसेच होते. तिघांना पांढरे मोड फुटले होते.

"धा दाण्यांतले तीन," तो म्हणाला. "पेरायच्या लायकीचं न्हाई."

"आवं, केरातले हायती. हमालांच्या पायाखालनं उचलले."

"पायाखालचे?"

तो मोडांकडे बघत राहिला. गावाकडे तीस वर्षं पेरणी केलेला माणूस, पण मोडाकडे असं बघत बसायला त्याला सवड कधी मिळाली होती?

"झोपून दिसंना. उठव मला."

तिने एका हातात गोणपाट धरलं आणि त्याच्या काखेत खांदा घातला. कळ मस्तकात गेली. त्याला दरदरून घाम फुटला, डोळ्यांतून पाणी आलं. तिच्या हातातलं गोणपाट कललं.

"निजवू का परत?"

"माझं राहू दे," तो दात आवळत म्हणाला. "ते नीट धर आधी. मोड तुटंल."