ओटीवरचा रेडिओ

माझी बायको शकू गेल्याचं मला पळसदरी स्टेशनवर कळलं. एकसष्ट सालचा चैत्र होता. मी रेल्वेत गँगमन आहे. आमची टोळी स्टेशनच्या अलीकडे खडी भरत होती. काही काम असलं तर मास्तर फलाटावरूनच हाक मारत. त्या दिवशी ते चालत आमच्यापर्यंत आले, तेव्हाच मला समजलं.

कावीळ झाली म्हणून तिला मुंबईच्या मोठ्या दवाखान्यात ठेवली होती. तिचा धाकटा भाऊ मोरू जवळ होता. त्यानं तिथल्या स्टेशनातून कर्जतला निरोप दिला आणि कर्जतहून पळसदरीला फोन आला. मास्तर म्हणाले, "नागू, सकाळी गेली." मुकादमानं माझ्या हातातलं घमेलं काढून घेतलं.

मी रुळाच्या कडेकडेनं गावात आलो. दुपारची वेळ होती. आमच्या ओटीवर आळीतल्या बायका बसल्या होत्या आणि रेडिओ चालू होता. कोणी डॉक्टरीणबाई लहान मुलांच्या खोकल्यावर बोलत होत्या. शेजारची गौराबाई मला बघून म्हणाली, "आज लवकर सुटलास का रं?"

मी म्हणालो, "शकू गेली."

गौराबाई उठली. तिनं रेडिओ बंद केला, पेटीला कुलूप लावलं, किल्ली कनवटीला खोचली आणि मग रडायला बसली. शकूनं दवाखान्यात जाताना ती किल्ली तिच्याकडे दिली होती.

संध्याकाळी मोरूनं शकूला गाडी करून आणली. आम्हाला मूलबाळ नाही. अग्नी मी दिला.

आता रेडिओचं सांगतो, कारण पुढचं सगळं त्याच्यावरूनच झालं.

रेडिओ आमचा नव्हता, पंचायतीचा होता. सरकारी खात्यानं गावोगाव असे संच दिले होते. लाकडी पेटी, तिला कुलूप, आत विटेएवढी बॅटरी. काटा मुंबई केंद्रावरच बसवलेला, फिरवायची सोय नाही. आमच्या डोक्यावरून विजेच्या मोठ्या तारा जात होत्या, पण गावात दिवा नव्हता, म्हणून बॅटरी. संच आला तेव्हा चावडीचं छप्पर काढलेलं होतं. तेवढ्यापुरता तो आमच्या ओटीवर ठेवला आणि मग तिथंच राहिला, कारण शकूनं त्याचं काम अंगावर घेतलं.

ती चौथीपर्यंत शिकलेली होती. खात्याचे लोक म्हणाले होते की नुसतं ऐकायचं नाही. ऐकून झाल्यावर बसून बोलायचं, कोणाला काही विचारायचं असेल तर कार्डावर लिहून मुंबईला पाठवायचं, तिथून उत्तर सांगतील. संध्याकाळी पुरुष अंगणात बसून शेतीचं आणि बातम्या ऐकत, पण कार्ड कोणी लिहीत नसे. दुपारी बायका बसत आणि शकू लिही. पहिला प्रश्न तिनं विचारला तो बाळंतिणीच्या चिकाचा. आमच्याकडे पहिलं दूध पिळून टाकून देतात. ते टाकावं की पाजावं, असं तिनं विचारलं. थोड्या दिवसांनी उत्तर आलं, गावाचं नाव घेऊन आलं, की पाजावं. गावाचं नाव मुंबईहून ऐकलं म्हणून पुरुष खूश झाले. प्रश्न काय होता ते कळल्यावर उठून घरी गेले. पण त्यानंतर आळीत कोणी चीक टाकला नाही.

मुंबईचा आवाज आमच्याकडे मुळात बारीक यायचा. मधे माथेरानचा डोंगर. त्यात आमचं गाव घाटाच्या पायथ्याशी. गाडी घाट चढायची असली की कर्जतला मागून बँकर लावतात, म्हणजे ढकलायची इंजिनं. बँकर गावावरून गेला की रेडिओत नुसती खरखर होई आणि बोलणाऱ्याचं निम्मं बोलणं जाई. एकदा लिंबाचं लोणचं सांगत होते. मीठ किती घालायचं ते सांगायला लागले आणि बँकर आला.

आळीतली सोनुबाई म्हणाली, "गेलं गं मीठ."

शकू म्हणाली, "बँकर जाईपर्यंत बाई मिठावरच बोलत होती. म्हणजे मीठ लई असणार."

त्या वर्षी सगळ्या आळीचं लोणचं खारट झालं. सोनुबाईचा नवरा महिनाभर तिला "बँकरवाली" म्हणत होता.

सुतकाचे दिवस सुरू झाले. दोन दिवस रेडिओ कोणी लावला नाही. मग मीच गौराबाईला म्हणालो की दुपारी बायकांना बोलव, मी मागच्या पडवीत बसतो. त्या आल्या. रेडिओ चालला, पण आवाज खोल गेला होता. पुढच्या दिवशी अजून खोल गेला. मग तर कान लावला तरी शब्द कळेनात. संध्याकाळी पुरुष आले ते बातम्या न ऐकताच परत गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी सरपंच पोपटदादा आले. माणूस वाईट नाही. आधी शकूबद्दल बोलले, मग अंगणातून ओटीकडे बघून म्हणाले, "नागू, संच आता चावडीत नेऊ. चावडी शाकारून झाली हाय."

"चावडीत बायका बसतील का?"

"नाय बसल्या तर नाय. पण बाईमाणूस नसलेल्या घरात आमच्या बायका कशा बसतील, ते तूच सांग."

"दुपारी मी लायनीवर असतो. दार उघडं टाकून जाईन. घरात पुरुष नसला म्हंजे झालं ना?"

"आणि संच बोलत नाय त्याचं काय? शकू गेली तसा तोही गेला म्हणतात गावात. येत्या सोमवारी खात्याची जीप येणार हाय. चाललेला दिसला नाय तर ते उचलून नेतील. मग चावडीला पण नाय मिळायचा."

मी म्हणालो, "सोमवारपर्यंत तो बोलंल."

"आणि नाय बोलला तर?"

"तर तुमी न्या."

ते गेले. मी मागे जाऊन भिंतीला टेकून बसलो. संच चावडीत गेला तर पुरुष बातम्या ऐकतील, पत्ते खेळतील. दुपारी तो बंद राहील. शकूनं जे उभं केलं ते जीप यायच्या दिवशी संपेल. तिला मी दवाखान्यातून परत आणू शकलो नव्हतो. हे मी जाऊ देणार नव्हतो.

पहिल्यांदा बॅटरी बघितली. गेल्याच महिन्यात बदललेली होती. मग वरची तार बघितली. दोन बांबूंच्या मधे ती ताणलेली होती, एक बांबू फणसाला बांधलेला. मी फणसावर चढलो. भाऊकीतली माणसं खालून बघत होती की सुतकातला माणूस झाडावर काय करतोय. तार शाबूत होती. मी ती अजून ताणून बांधली. काही फरक पडला नाही.

मला सुतकात गाव सोडता येत नव्हतं. मोरू अजून आमच्याकडेच होता. त्याला म्हणालो, "संच घेऊन चौक गावाला जा. हायवेवर कान्हाचं दुकान हाय, तो ट्रकवाल्यांचे रेडिओ करतो."

मोरूनं पेटी गोणत्यात घातली आणि सकाळच्या एसटीनं गेला. दुपारनंतर आला तो चिडूनच.

"दाजी, कान्हा मला हसला. संचाला काय नाय झालं. तिथं असा ओरडत व्हता की ढाब्यावरची माणसं उठून आली. म्हणतो, बिघाड नसताना कशाला आणलास रं?"

आम्ही संच ओटीवर ठेवला, तारा जोडल्या. पुन्हा तसाच. मोरू संचाकडे आणि माझ्याकडे बघत राहिला. तेवढ्यात सोनुबाई पाण्याला चालली होती ती कुंपणाशी थांबून म्हणाली, "तिच्या माघारी नाय बोलायचा तो. जाऊ दे आता चावडीत."

मला राग आला. मोरूला विचारलं, "कान्हानं कसा लावला व्हता, ते सांग. एक एक सांग."

"वरची तार पत्र्यावर टाकली. दुसरी नळाच्या पाइपाला बांधली."

"दुसरी म्हंजे जमिनीतली?"

"व्हय, अर्थिंगची."

संचाला दोन तारा असतात. एक वर जाते, एक जमिनीत. वरची मी बघितली होती. खालची बघायचं मला सुचलंच नव्हतं, कारण ती पुरलेली. ती ओटीवरून खाली उतरून तुळशीवृंदावनात गेली होती. खात्याचा माणूस तारेच्या टोकाचा पत्रा कुठं पुरू म्हणाला तेव्हा शकूनंच ती जागा दाखवली होती. तो म्हणाला होता की तिथली जमीन ओली राहिली पाहिजे, रोज तांब्याभर पाणी टाकत जा. शकू म्हणाली, "तिथं मी रोज घालतेच."

मी अंगणात गेलो. शकू दवाखान्यात होती तोवर गौराबाई तुळशीला पाणी घालत होती, पण आता घरात सुतक, म्हणून कोणी हात लावला नव्हता. त्यात चैत्राचं ऊन. वृंदावनातली माती भेगाळून कडांपासून सुटली होती. मी बोट घातलं तर आत जाईना.

मी आत जाऊन हंडा भरून आणला. गौराबाई तिच्या दारातून बघत होती. ती लगबगीनं आली.

"नागू, काय करतोस? सुतकात तुळशीला पाणी नाय घालत."

"तुळशीला नाय घालत. तारेला घालतो."

"एकच की रं ते."

"मग तुमी घाला. तुमाला सुतक नाय."

ती घुटमळली. "परक्याच्या घरातलं सुतक असलं तरी... लोक काय म्हणतील?"

"मग मी घालतो. लोक म्हणतील ते मला म्हणतील."

मी हंडा रिता केला. पाणी भेगांतून खाली गेलं आणि वर काही दिसेना. दुसरा आणला, तो पण गेला. तिसऱ्या हंड्याला माती काळी झाली. भाऊकीतला एक म्हातारा कुंपणाशी उभा राहून काहीतरी बोलत होता. मी त्याच्याकडे बघितलं नाही. गौराबाईनं कनवटीची किल्ली काढली, ओटीवर चढली आणि बटण फिरवलं.

आवाज आला. पहिल्यासारखा मोठा नाही, पण प्रत्येक शब्द कळत होता. कोणीतरी भाताच्या बियाण्याविषयी सांगत होतं. मोरू ओटीवर बसला आणि त्यानं तोंडावर हात घेतले. मी रिकामा हंडा घेऊन तिथंच उभा राहिलो. पुढच्या दिवसांत सकाळ-संध्याकाळ मीच पाणी घालत गेलो. सुतक म्हणून माझ्या हातचं पाणी आळीत कोणी पीत नव्हतं त्या दिवसांत, पण ते घालायला कोणी अडवलं नाही.

सोमवारी जीप आली. पोपटदादा बरोबर होते. खात्याच्या साहेबांनी संच ऐकला, वरची तार बघितली, वृंदावनात हात घातला आणि हात रुमालाला पुसायच्या आधी म्हणाले, "अशी ओल पाहिजे." मग त्यांनी विचारलं की संच चावडीत हलवायचा आहे का.

पोपटदादांनी माझ्याकडे बघितलं. मग म्हणाले, "संध्याकाळी पुरुष इथंच येतील. दुपारी बायकांचं. घर नागूचं हाय, पण दुपारी तो लायनीवर असतो. राहू दे इथंच."

साहेब म्हणाले, "एक सांगायचं होतं. तुमच्या गावच्या बायकांचे प्रश्न बरे असायचे. मुंबईला ते वेगळे काढून ठेवायचे. ते पाठवत राहा."

मी हो म्हणालो.

त्याला आता वर्ष होऊन गेलं. रेडिओ ओटीवर आहे. दुपारी बायका येतात, मी लायनीवर असतो. तुळशीला पाणी मीच घालतो. एवढं मी सांभाळलं.

पण प्रश्नांचं जमलं नाही. मला लिहिता येतं, म्हणून मी गौराबाईला म्हणालो, काय विचारायचं ते सांगा, मी कार्डावर उतरवतो. ती हसली. "तुला काय सांगायचं रं? बाईचं बाईला सांगतात." मी सोडलं नाही. दुसऱ्यांदा विचारलं, तिसऱ्यांदा विचारलं. कोंबड्यांची मर आणि पापडाचं पीठ एवढंच मला सांगितलं, आणि ते कोणालाच खरं विचारायचं नव्हतं. जे विचारायचं असतं ते मी अंगणात आलो की थांबतं.

मग मी सोनुबाईला लिहायला शिकवायला लागलो. सुट्टीच्या दिवशी, गौराबाईला शेजारी बसवून. तिचा नवरा आधी चिडला, मग म्हणाला, शिकव, निदान मीठ तरी वाचता येईल. तिला आता अक्षरं ओळखता येतात. जोडून लिहिता येत नाहीत. मी दर सुट्टीला थोडं थोडं घेतो आणि घेत राहणार आहे.

शकू गेल्यापासून आमच्या गावातून मुंबईला एकही प्रश्न गेलेला नाही.