गिरणीसमोरची वही

मुलांनो, एका पिठाच्या गिरणीसमोर चला माझ्याबरोबर. खोडदच्या अलीकडची आमची वाडी आहे. साल दोन हजार आठ. रविवारची सकाळ, आणि लाईट गेलेली. ओट्यावर दळणाचे डबे ओळीने लावलेत आणि डब्यांचे मालक शेजारी बसलेत. लाईट दोन तासांनी येईल, कदाचित चार तासांनी. तोवर माणसं काय करतील? बोलतील. त्यांच्यात बसा आणि ऐका.

ओळीत सगळ्यात लहान समृद्धी. सातवीत होती. मी तेव्हा वाडीतल्याच शाळेत शिकवायचो, म्हणून मला तिचं अक्षर आजही ओळखता येईल. तिची आई नंदा शाळेत मुलांची खिचडी शिजवायची. वडील संपत आळेफाट्याला एका गॅरेजात होते, पण तिथे काम असलं तर असायचं. घर नंदाच्या खिचडीवर चाललेलं. आणि ते काम कुणाला द्यायचं हे शाळा समितीचे अध्यक्ष रखमाजी ठरवत. रखमाजी तात्यासाहेबांचा माणूस. तात्यासाहेब म्हणजे आमच्या भागातले मोठे पुढारी. एवढं ध्यानात ठेवा.

दर रविवारी दुपारी समृद्धी वडिलांचा डबा घेऊन फाट्याला जायची. गॅरेजशेजारी ऋषीचं इंटरनेटचं दुकान होतं. संपत त्याची मोटरसायकल फुकट दुरुस्त करून द्यायचा, म्हणून ऋषी तिला तासभर कॉम्प्युटरवर बसू द्यायचा. तेव्हा इंटरनेटवर ऑर्कुट नावाची एक जागा असायची. तिथे आमच्या तालुक्याच्या लोकांचं एक पान तिला सापडलं. पुण्या-मुंबईला गेलेली मुलं त्यावर काहीबाही लिहायची. अमक्या पुढाऱ्याची नवी गाडी, गोरं करणाऱ्या साबणाची जाहिरात, काय वाटेल ते.

तिने हे गिरणीवर सांगितलं. राघूनाना मेंढरं राखायचे. ते म्हणाले, "मग माझं पण टाक त्यात. म्हणावं, माझ्या मेंढरांचं पाल्यावर भागतंय, पण पोराच्या मोबाईलला दर आठवड्याला रिचार्ज लागतंय."

समृद्धीने वहीत ते जसंच्या तसं उतरवलं, पुढे नाव लिहिलं आणि दुपारी फाट्याला जाऊन टाकलं. पुढच्या रविवारी तिने उत्तर वाचून दाखवलं. कुणीतरी लिहिलं होतं, 'नानांना सलाम, असंच सांगत जा.'

"कोण हाय ह्यो?" नानांनी विचारलं.

"हडपसरला असतो. मूळचा ओतूरचा."

"मंग पावणाच की आपला."

त्यानंतर लाईट गेली की वही निघायची. दर रविवारी दळणाला येणारा कुंडलिक बोलायचा, गिरणीवाला हौशीराम बोलायचा, मीही एकदोनदा बोललो. प्रत्येक वाक्यापुढे समृद्धी बोलणाऱ्याचं नाव घालायची. ते मीच वर्गात शिकवलं होतं. ज्याचं वाक्य त्याचं नाव, दुसऱ्याचं बोलणं आपलं म्हणून सांगू नये.

मग संक्रांत आली. हळदीकुंकवाला तात्यासाहेबांनी घरटी एक कुकर वाटला. झाकणावर त्यांचा हसरा फोटो चिकटवलेला. पुढच्या रविवारी गिरणीवर दुसरा विषयच नव्हता.

"पहिल्याच डाळीला फोटोचं नाक गेलं," कुंडलिक म्हणाला. "दुसऱ्या डाळीला टोपी. आता नुसतं हसू राहिलंय."

"शिट्टी काय व्हत न्हाई त्याची," राघूनाना म्हणाले. "अगदी तात्यासाहेबच. तापतो लई, शिजवत कायच न्हाई."

हौशीराम म्हणाला, "फुकटच्या कुकरला डाळ मातूर आपलीच लागती."

सगळे पोट धरून हसले. मीही हसलो. समृद्धीची पेन्सिल भराभर चालली होती. मध्येच थांबून तिने विचारलं, "नावं टाकू ना?"

"टाक की," कुंडलिक म्हणाला. "आमी काय कुणाला भितो व्हय?"

पंधरा दिवसांनी रखमाजी मोटरसायकलवरून आले. तेव्हाही लाईट नव्हती. ते आरामात ओट्यावर टेकले. "राम राम मंडळी," म्हणाले आणि खिशातून घडी केलेला कागद काढला. कुणीतरी ते पान छापून तात्यासाहेबांपर्यंत पोचवलं होतं. रखमाजींनी ते मोठ्याने वाचलं आणि शेवटी स्वतःच हसले.

"लई भारी लिवलंय. राघूनाना, ह्ये तुमचं हाय म्हणं?"

"माझं?" नाना म्हणाले. "मला सही येत न्हाई, आन मी कम्प्युटरवर लिवणार?"

"कुंडलिकभाऊ?"

"पोरगी हाय ओ. टीव्ही बघून बघून लई शानी झालीया. आमची नावं घालून मनानं लिवलं आसंल."

हौशीराम उठून आत गेला आणि बंद गिरणीचा पट्टा तपासू लागला.

रखमाजी माझ्याकडे वळले. "गुरुजी, तुमी पण असता ना हितं?"

"मी दळण घ्यायला येतो," मी म्हणालो.

मुलांनो, यातला एकही शब्द खोटा नव्हता.

समृद्धी डबा मांडीवर घेऊन बसली होती. दप्तर शेजारीच होतं, आणि दप्तरात वही होती. ती वही बाहेर काढेल म्हणून मी तिच्या हाताकडे बघत राहिलो. मला भीती वाटत होती. तिने आळीपाळीने आम्हा सगळ्यांच्या तोंडाकडे पाहिलं. वही काढली नाही.

"लेकरूच हाय," रखमाजी उठत म्हणाले. "तात्यासाहेबांचा राग बिग काय न्हाई. फकस्त त्याच जागी लिवून टाकायचं, की ह्ये सगळं मी मनानं लिवलं, गिरणीवर कुणी काय बोललं न्हाई. नंदाचं काम काय, आपल्याच हातात हाय."

संपतने तिला त्याच दुपारी फाट्यावर बसवून लिहून घेतलं. तिने विचारलं, "पप्पा, पण ते बोलले होते." तो म्हणाला, "ठाव हाय मला. लिव." ऋषीने त्या वेळी दुसऱ्या गिऱ्हाइकाला उठवून कॉम्प्युटर दिला. तिने रखमाजींचे शब्द शब्दाला शब्द उतरवले, पण पुढे नाव घातलं स्वतःचं. खाली दोनचार लोकांनी हसण्याची चिन्हं टाकली. एकाने लिहिलं, 'चला, फुकट करमणूक संपली.' मग कुणीतरी नव्या कॅमेऱ्याच्या मोबाईलचा विषय काढला आणि सगळे तिकडे गेले. नानांना सलाम करणारा ओतूरचा पाहुणाही तिकडेच गेला.

सोमवारी नंदा नेहमीच्या वेळेला शाळेत आली, तर चूल आधीच पेटलेली. साळुबाई, म्हणजे रखमाजींची भावजय, तांदूळ धूत होती. समितीने शनिवारीच ठरवलं होतं. म्हणजे रखमाजी रविवारी गिरणीवर आले, त्याच्या आदल्याच दिवशी. कागदावर माझीही सही घेतली होती. सह्या करताना मी कागद वाचला नव्हता. समितीचे कागद मी कधीच वाचत नसे.

"गुरुजी, पोरीनं लिवलं की तसं," नंदा म्हणाली. "म्हणले तसंच लिवलं."

"हो," मी म्हणालो.

"मंग?"

मी वर्गाकडे पाहिलं. मुलं पाढे म्हणत होती. खिचडी वाढायचा मोठा डाव नंदाच्या घरचा होता, तो तेवढा तिने साळुबाईकडून मागून घेतला आणि गेली. जूनपर्यंत तिला कांद्याच्या रानात मिळेल ते काम करावं लागलं. जूननंतरही खिचडीचं काम परत मिळालं नाही. पुढे कधीच मिळालं नाही.

पुढच्या रविवारी लाईट गेलेलीच होती. समृद्धी डबा घेऊन आली आणि ओळीत लावून बसली. सगळे आपापल्या डब्यांची झाकणं बघत बसले. पण अशा ओट्यावर माणसं किती वेळ गप्प बसणार? कुंडलिकने लाईटचा विषय काढला. मग वीजमंत्र्याचा. मग मंत्र्याच्या मुलीच्या लग्नातल्या जेवणाचा. हळूहळू सगळे हसू लागले, आधीसारखेच. हौशीरामही दारात येऊन टेकला.

"समे, गप का गं?" राघूनाना म्हणाले. "वही न्हाई आणली? ह्ये टाकू नको कुठं, पर लिवून तरी ठेव. चांगलं झालंय."

समृद्धीने दप्तरातून वही काढली. पेन्सिलीला टोक नव्हतं, ते ओट्याच्या दगडावर घासून केलं. कोरं पान उघडलं आणि मी शिकवलं होतं तसं वर तारीख, वार घातला. कुंडलिक अजून बोलत होता. ती मान खाली घालून सावकाश लिहीत होती. मी शेजारीच बसलो होतो, म्हणून मला दिसलं.

'रविवार. लाईट नव्हती. कोणी काही बोललं नाही.'

मग त्याखाली तिने एकेकाची नावं लिहिली, ओळीने. शेवटचं नाव माझं होतं.