तिच्या वाटचा रोट

'काजळवेस'चा कार्टून पिक्चर जळगावात लागला, त्या शुक्रवारी आमच्या ग्रुपनं थिएटरातल्या मधल्या दोन रांगा अडवल्या होत्या. कार्टून म्हटलं की प्रेमराज चिडतो, अ‍ॅनिमेशन म्हण म्हणतो. तो आमच्या 'वेशीचे राखणदार' ग्रुपचा अ‍ॅडमिन, त्यामुळे चिडणं हे त्याचं कामच आहे. सगळ्यांच्या अंगात काळे टी-शर्ट आणि छातीवर पिवळ्या अक्षरांत 'नेम म्हणजे नेम'. हे वाक्य कादंबरीतलं. ज्यानं कादंबरी वाचली नाही त्याच्याशी मी एरवी जास्त बोलत नाही, पण इथं सांगणं भाग आहे.

डोंगराच्या पोटात काजळवेस नावाचं गाव असतं. तिथं वर्षातून एकदा घरोघरी कुळरोट, म्हणजे गव्हाची जाड पोळी, भाजतात. तो ज्याच्या त्याच्या कुळानंच खायचा. परक्याच्या तोंडी घास गेला, तर वेशीवरचा दिवा विझणार आणि बाहेरचा अंधार गावात शिरणार. सांजा नावाची पोरगी वेस राखत असते. एकदा एक परकी बाई वेशीच्या खिडकीतून हात पुढे करते. चार दिवसांची उपाशी. सांजाच्या ओच्यात रोट असतो. ती म्हणते, नेम म्हणजे नेम, आणि खिडकी लावून घेते. सकाळी वेशीबाहेर बसलेल्या बाईच्या आकाराचा एक दगड दिसतो. गाव मात्र वाचतं.

बाकीच्या महाराष्ट्राला हे सगळं कल्पनेतलं वाटतं. आम्हा खानदेशातल्या लोकांना वाटत नाही, कारण श्रावणात आमच्या घरी कानबाई देवी बसते. घरातल्या प्रत्येकाच्या नावानं सव्वा मूठ गहू काढायचा, दळायचा, त्याचे रोट भाजायचे, आणि ते घरच्यांनीच संपवायचे. दर्शनाला सगळा गाव येवो, रोट कुणाला द्यायचा नाही. उरला तर गाईलासुद्धा नाही. लग्न झालेल्या लेकीनं सासरचा रोट खायचा. आमच्यातलीच एक बाई उठते आणि यातून एवढी मोठी कादंबरी रचते, याचा आम्हाला केवढा अभिमान होता.

आणि पिक्चरमध्ये सांजानं रोट मोडला. अर्धा त्या बाईच्या हातावर ठेवला. दिवा फडफडला आणि विझायच्या ऐवजी मोठा झाला. वेस उघडली, वरून फुलं पडली, गाणं सुरू झालं. मागच्या रांगेत कुणाच्या तरी लहान पोरीनं टाळ्या वाजवल्या. आमच्या दोन रांगांमध्ये मात्र घरात मयत झाल्यासारखी शांतता. प्रेमराज उठून उभा राहिला आणि पडद्याकडे बघत मोठ्यानं म्हणाला की हे आमचं पुस्तक नाही. मागचे लोक त्याला खाली बस म्हणून ओरडले.

रात्रीपर्यंत ग्रुपवर तीनशे मेसेज. आधी साध्या तक्रारी होत्या. सांजाचे केस तपकिरी का, घुबडाला पुणेरी आवाज का दिला, डोंगर सातपुड्यासारखे नसून परदेशातल्यासारखे बर्फाचे का. ग्रुपमधल्या मेघानं कादंबरीची पानं आणि पिक्चरमधली चित्रं शेजारीशेजारी लावून चुका दाखवल्या. मग कुणीतरी लिहिलं की हा कानबाईचा अपमान आहे. झालं, तिथून गाडी उतारालाच लागली. ज्यांनी जन्मात पुस्तक उघडलं नव्हतं, तेसुद्धा ग्रुपवर यायला लागले आणि आमच्यापेक्षा जास्त दुखावले.

त्या गदारोळात एकच मेसेज वेगळा आला. "मला तो सीन आवडला. मी रडले." दीपमालाचा. ती माझी मोठी बहीण, आमची अक्का. 'काजळवेस' माझ्या हातात पहिल्यांदा तिनंच दिली होती. तिनं दुसऱ्या जातीतल्या पोराशी लग्न केलं, दोघं चाळीसगावला राहतात. वडिलांनी, म्हणजे आबांनी, वर्षभर तिचं नाव घेतलं नाही, मग हळूहळू बोलायला लागले. तिच्या सासरी कानबाई नाही. म्हणजे सासरचा रोट नाही आणि माहेरचा चालत नाही. ती दर श्रावणात घरी येते, दर्शन घेते, ओसरीत बसून चहा पिते आणि जाते. यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं. मलाही नाही.

तिच्या मेसेजखाली मी लिहिलं, "परक्या घरी गेलेल्याला नेम काय कळणार." अठरा जणांनी अंगठा दाखवला. अक्का ग्रुपमधून बाहेर पडली. मला तेव्हा वाईट वाटलं असं म्हटलं तर ते खोटं होईल. मला वाटलं, बरं झालं, एक बोट मोडलं म्हणजे बाकीच्या पंजाला कळेल. बहिणीचं बोट मोडून शहाणपण मिरवणारा मी.

रविवारी आम्ही धुळ्याला निघालो. कादंबरी लिहिणाऱ्या प्रमिलाबाई तिथं देवपुरात राहतात. शाळेत मराठी शिकवायच्या, आता सत्तरी ओलांडली. प्रेमराजनं निवेदन टाइप करून घेतलं होतं: पिक्चरवाल्यांनी लेखिकेला अंधारात ठेवून शेवट बदलला, पिक्चर थांबवा. बाईंची सही झाली की ते घेऊन थिएटरवाल्याकडे जायचं. एसटीत मेघानं बाईंसाठी आणलेला शेवभाजीचा डबा मांडीवर धरला होता. पारोळ्याच्या पुढे आमचं गाव खिडकीतून गेलं, तेव्हा अक्का या वेळी कानबाईला येईल का, असं माझ्या मनात आलं. मी तिला फोन केला. उचलला नाही.

बाईंनी आम्हाला पाणी दिलं, टी-शर्टवरचं वाक्य चष्मा लावून वाचलं, मग निवेदन वाचलं. प्रेमराजनं पेन पुढे केलं.

"अंधारात कुणी ठेवलं नाही," त्या म्हणाल्या. "शेवट बदला असं मीच सांगितलं."

प्रेमराज हसला. त्याला वाटलं, बाई थट्टा करताहेत. बाईंनी त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. त्या सांगत राहिल्या की त्यांनी घरच्यांच्या मनाविरुद्ध लग्न केलं, आणि पहिल्याच श्रावणात राहवलं नाही म्हणून माहेरी गेल्या. घरात रोट भाजल्याचा वास होता. आईनं ओसरीत पाट दिला, वेगळ्या ताटात भाकरी आणि पिठलं वाढलं. आई वाईट नव्हती, नेम पाळत होती. बाईंनी ती भाकरी खाल्ली आणि गाडीत बसून ओकल्या. मग पुष्कळ वर्षांनी हे पुस्तक लिहिलं.

"खिडकीबाहेरची ती बाई मी आहे," त्या म्हणाल्या. "मला वाटलं होतं, तो दगड वाचून लोकांचं काळीज हलेल. तुम्ही सांजाच्या तोंडचं वाक्य छातीवर छापलं. माझं लिहिणं कुठंतरी चुकलं असणार. मरायच्या आधी एकदा तरी त्या बाईला कुणी आत घ्यावं, असं वाटलं. म्हणून पिक्चरवाल्यांच्या पाया पडले म्हणा."

मेघा रडायला लागली. मला कानशिलात बसल्यासारखं झालं होतं. आणि प्रेमराज काय म्हणाला असेल? तो म्हणाला, बाई, पुस्तक एकदा छापलं की ते वाचकांचं होतं, तुम्हाला आता ते बदलता येणार नाही. ज्या बाईनं ते लिहिलं तिला, तिच्या घरात बसून, तिचंच पाणी पिऊन. बाई एवढंच म्हणाल्या की शेवभाजी घेऊन जा, मला तिखट चालत नाही.

निवेदन बाईंच्या सहीशिवायच गेलं. बाई थकल्या आहेत, त्यांना काही समजत नाही, असं प्रेमराजनं ग्रुपवर टाकलं. मी ते वाचलं आणि गप्प बसलो. अपमानवाल्या मंडळींनी थिएटरसमोर घोषणा दिल्या, मालक म्हणाला की माझ्या काचा फुटण्यापेक्षा पिक्चर उतरवलेला बरा. आम्ही जिंकलो. ग्रुपवर पेढ्यांचे फोटो आले. मी टी-शर्ट धुवायला टाकला तो परत घातला नाही, पण ग्रुप सोडायचीही हिंमत झाली नाही.

कानबाईच्या आधी मी रोटांच्या दळणासाठी गावी गेलो. मूठ घरच्या कर्त्यानं काढायची. आबांचा हात हल्ली थरथरतो, म्हणून या वर्षी ते काम माझ्याकडे आलं. माय, म्हणजे माझी आई सुनंदाबाई, पाटी धरून शेजारी बसली. मी आबांची मूठ काढली, मायची काढली, माझी काढली. माय चहा ठेवायला उठली, तेव्हा मी पटकन अक्काच्या नावानं सव्वा मूठ काढून पाटीत टाकली आणि हातानं सारखी केली. मनाशी ठरवलं की अक्का आली तर तिला रोट द्यायचा, मग आबा काय म्हणायचं ते म्हणोत. ती येईल की नाही तेच माहीत नव्हतं. फोन ती अजूनही उचलत नव्हती.

रविवारी कानबाई बसली. नारळाला नथ घातली, साडी नेसवली, गावातल्या बाया गाणी म्हणायला आल्या. दुपार कलल्यावर अक्का आली. माझ्याकडे न बघता आत गेली, देवीसमोर डोकं टेकलं, हळदकुंकू वाहिलं आणि नेहमीसारखी ओसरीत येऊन बसली. मायनं चहा दिला.

मी आत गेलो, रोट घेतला आणि तिच्यासमोर जाऊन बसलो. अर्धा मोडून तिच्या हातावर ठेवला. आबा खाटेवरून अर्धे उठले. मायच्या हातातली बशी तशीच राहिली. मला वाटलं होतं, आता काहीतरी मोठं होईल. पिक्चरमध्ये या जागी दिवा मोठा होतो.

अक्कानं तो तुकडा डोळ्यांना लावला आणि परत माझ्या हातावर ठेवला.

"नको भाऊ," ती घरच्या बोलीत म्हणाली. "मी खासू नि निंघी जासू. उद्या आबानी तब्येत बिघडनी, तं तुम्ही बठ्ठा जन मनाच घास मोजशात."

मी म्हणालो, तुझा घास मी नाही मोजणार. ती म्हणाली, ग्रुपवर एवढ्या लोकांसमोर मोजलास की. रागानं नाही म्हणाली. राग असता तर मी पाय धरले असते. मी माफी मागितली, तिनं माझ्या डोक्यावरून हात फिरवला, चहा संपवला आणि चाळीसगावची गाडी चुकेल म्हणून निघाली. मी फाट्यापर्यंत सोडायला गेलो. वाटेत ती पिकाबद्दल बोलली, आबांच्या गोळ्यांबद्दल बोलली. गाडीत चढताना एवढंच म्हणाली की पिक्चर पुन्हा बघायचा होता रे, तुम्ही उतरवला.

घरी आलो तर सगळ्यांची जेवणं होऊन रोट उरले होते. गंगाफळाची भाजी संपली, खीर संपली, पण रोट काही संपेनात. आबा म्हणाले की या वर्षी पीठ जास्त कसं झालं, पोरानं मूठ मोठी काढली वाटतं. आबा अंगणात हात धुवायला गेले, तेव्हा मी मायला खरं सांगितलं. अक्काच्या नावाची मूठ मी टाकली, म्हणून पीठ वाढलं.

मायनं परातीतला एक रोट उचलला. त्याच्याकडे बघत बसली.

"तू बी टाकी का?" ती म्हणाली. "म्हनीसन दोन मुठी जास्त व्हयनात. दळनले जाताना तिनी मूठ मी दरसाल टाकस. कोनले सांगेल नही. तिना वाटाना रोट मीच खास."

ती खायला लागली. पोट भरलेलं होतं, घास उतरत नव्हता, तरी पाण्याच्या घोटाबरोबर गिळत होती. आबा यायच्या आत संपवायचा होता. अक्काच्या लग्नापासून दर श्रावणात माय तिच्या नावाची मूठ टाकून तिचा रोट असा गुपचूप खात आली होती आणि मी त्याच घरात बसून जेवत होतो.

दुसरा रोट मी घेतला आणि तिच्या शेजारी बसून खाल्ला.